भागिले सत्तर

मरोळला आमच्या कारखान्यात मलमाच्या ट्यूबा होतात,
रिकाम्या, अ‍ॅल्युमिनियमच्या.
हातात घेतली तर काही घेतल्यासारखं वाटत नाही.
मी टाइम ऑफिसात. सव्वीस वर्षं.
खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढी फट,
फटीतून कागद आत येतो
आणि कागदामागून माणूस वाकून बघतो.

आमच्याकडे निम्मे लोक एक जूनला जन्मले.
नाव घालताना आयांना तारीख आठवली नाही,
मास्तरांनी सोयीची लिहिली.
म्हणून अठ्ठावन्नही एकाच दिवशी पुरी होतात
आणि त्या आठवड्यात माझा चहा निवतो.

"मॅडम, फंड आणि पेन्शन एकच ना?"
नाही.
"पण कापतात तर एकदाच."
तुमचे बारा टक्के फंडात. कंपनीचे बारा,
त्यातले आठ पूर्णांक तेहेतीस शतांश पेन्शनला...
इथवर आलं की समोरची मान हलू लागते.
हलणारी मान म्हणजे समजलं, असं नाही.
म्हणजे, बाई, आता पुरे, मागे लोक उभे आहेत.
मला कळतं. मीही डॉक्टरांपुढे तशीच हलवते.

मुमताज मुजावरला पासबुक तोंडपाठ आहे.
मुलाच्या फोनवर दर महिन्याला बघते.
"ह्या तिसऱ्या रकान्यातले कधी मिळणार?"
ते असे मिळत नाहीत. त्यांचं पेन्शन होतं.
"बरं. पण त्याला व्याज का नाही लागत?"
मी म्हटलं, नाही लागत.
प्रश्नाचं उत्तर म्हणून प्रश्नच परत दिला,
फक्त टिंब लावून.

यादगिरी अंकमने साकीनाक्याची कंपनी सोडताना
कुणीतरी दिलेल्या फॉर्मवर सही केली.
टेन-सी. मुलीच्या नर्सिंगची फी भागली.
पैसे काढले असं त्याला वाटत होतं.
त्याने वर्षं काढली होती, नऊ.
इथली आठ. लागतात दहा.
"पण मी काम केलं होतं तिकडे," तो म्हणाला,
जणू माझा त्यावरच विश्वास नाही.

(त्या रात्री मी माझा स्वतःचा कागद उघडला.
नॉमिनी: वडील.
लग्नाआधी भरलेला. वडील जाऊन अकरा वर्षं झाली.
शंभर जणांना सांगितलं असेल, नाव बदला, नाव बदला.)

अनंता तिर्लोटकर प्रेसवर.
खोक्याचा पुठ्ठा फाडून घेऊनच आला,
"हिशेब सांगा, मी लिहितो."
पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर.
पगार पंधरा हजार धरायचा, हातात तेवीस पडले तरी.
वर्षं चौदा.
त्याने पेन थांबवलं.
"सत्तर कुठनं आलं?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
वांद्र्याच्या ऑफिसात फोन लावला,
तिथल्या माणसाने आधी हसून घेतलं,
मग म्हणाला, नियमात आहे.
तिर्लोटकर म्हणाला, "सत्तरपर्यंत जगायचं, असं असेल."
म्हटलं, तसं नसणार.
"मग कसं?"
कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला.
प्रेसची सवय, एकेक आकडा जोर लावून दाबला.
तीन हजार.
"महिन्याला?"
महिन्याला.
"पुढे वाढतं?"
मी पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला.
त्याला उत्तर मिळालं.

थोडा वेळ तो गेला नाही.
मग सहज, वहिनीला वाटण कमी पडलंय का विचारावं तसं,
"साठने भागलं तर?"
साठने कशाला भागतील, तिर्लोटकर.
"तरी."
मी भागलं.
साडेतीन हजार.
जाळीच्या दोन्ही बाजूंनी
आम्ही तो आकडा बघत राहिलो.
मग फटीतून त्याचं बोट आत आलं
आणि त्यानेच सी दाबलं.